कार्डवरची एचआयव्ही टेस्ट आणि फोर्थ जनरेशन टेस्ट: निगेटिव्ह दोन्हीकडं लिहिलेलं असतं, पण अर्थ एकच नाही

आपल्या सोलापुरात एचआयव्हीची टेस्ट म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच टेस्ट असते, रक्त दिलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, विषय संपला. पण सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होणारी कार्डवरची टेस्ट साधारणपणे अँटीबॉडीची असते, आणि डफरीन चौकाकडच्या एखाद्या प्रायव्हेट लॅबमध्ये पैसे भरून मशीनवर होणारी टेस्ट बऱ्याचदा फोर्थ जनरेशनची असते. लागण होऊन तीनेक आठवडेच झाले असतील तर एकच माणूस एकीकडं निगेटिव्ह आणि दुसरीकडं पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि त्यात कुणाचीच चूक नसते.

कारण दोघी वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. कार्डवाली शोधते अँटीबॉडी, म्हणजे व्हायरस आत आल्यावर आपल्या शरीरानं त्याच्याविरुद्ध जे तयार केलं ते, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. लागण झाल्यापासून साधारण 23 ते 90 दिवसांनी ते टेस्टमध्ये दिसायला लागतं, कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. फोर्थ जनरेशन अँटीबॉडी तर बघतेच, वर पी-24 पण बघते. पी-24 म्हणजे खुद्द व्हायरसचंच प्रोटीन, त्याला अँटिजेन म्हणतात, आणि ते अँटीबॉडीच्या आधी रक्तात येतं. म्हणून शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली ही टेस्ट 18 ते 45 दिवसांत लागण पकडते. फक्त हा 45 चा आकडा शिरेतल्या रक्ताचा आहे बरं का, बोट टोचून केलेल्या अँटिजेन-अँटीबॉडी रॅपिड टेस्टला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात.

मग नुसतं पी-24 च का बघत नाहीत असं कुणी विचारेल, तर ते टिकत नाही. सुरुवातीला व्हायरस भरमसाट वाढतो तेव्हा पी-24 भरपूर असतं, मग अँटीबॉडी तयार होऊन त्याला चिकटतात आणि ते दिसेनासं होतं. एक खाली जातं तेव्हा दुसरं वर येत असतं, म्हणून एकाच टेस्टमध्ये दोन्ही धरलेत.

आणि हाच सुरुवातीचा काळ जास्त धोक्याचा असतो. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ येतं, मानेत गाठी येतात. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एखादा पोरगा पावसाळ्यात असा तापानं पडला, तर घरचे म्हणणार व्हायरल आहे, डॉक्टर फार तर डेंग्यूची टेस्ट लिहून देणार, चार दिवसांत ताप उतरणार आणि पोरगा परत कामावर. त्या दिवसांत त्याच्या रक्तात व्हायरस प्रचंड असतो, त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि कार्डवरची टेस्ट मात्र निगेटिव्ह येऊ शकते. ताप आला म्हणजे एचआयव्हीच असं अजिबात नाही, हजार कारणं असतात तापाला. पण मागच्या महिन्यात काही रिस्क, म्हणजे कंडोमशिवाय संबंध किंवा दुसऱ्यानं वापरलेली सुई असं काही, झालेली असेल तर ते डॉक्टरला सांगा, लाजू नका, त्याशिवाय योग्य टेस्ट लिहून कशी देणार ते.

रिपोर्ट हातात आला की नुसतं नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, वाचून घडी करून खिशात टाकू नका, मेथडच्या पुढं काय लिहिलंय ते बघा. अँटिजेन आणि अँटीबॉडी किंवा पी-24 असं काही असेल तर फोर्थ जनरेशन, नुसतं अँटीबॉडी असेल तर जुन्या पद्धतीची. कळत नसेल तर लॅबवाल्याला सरळ विचारा, तो तुमचा हक्क आहे. आणि शेवटची रिस्क कुठल्या तारखेला झाली ते स्वतः लिहून ठेवा, कारण ती तारीख कुठल्याच रिपोर्टवर नसते आणि तिच्याशिवाय निगेटिव्हचा अर्थच लागत नाही.

याचा अर्थ सिव्हिलची टेस्ट कमी दर्जाची असा नाही. तीन महिने उलटून गेले असतील आणि मध्ये नवीन रिस्क नसेल तर ती पूर्ण भरवशाची आहे, फुकट आहे, आधी-नंतर समुपदेशक बोलतात, आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. अशा वेळी उगाच प्रायव्हेटला पैसे घालायची मला तरी गरज वाटत नाही. रिस्क होऊन महिनाच झाला असेल तेव्हा मात्र फोर्थ जनरेशन मागून घ्या, आणि ती निगेटिव्ह आली तरी रिस्कपासून 45 दिवस उलटल्यावर परत करा. त्याहून लवकर पकडणारी एनएटी म्हणून टेस्ट आहे, ती थेट व्हायरसचं आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधते, 10 ते 33 दिवसांत, पण महाग पडते आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय करण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात तर कुठलीच टेस्ट खात्रीनं काही सांगू शकत नाही.

एक कळकळीनं सांगते, फुकट टेस्ट होते म्हणून कुणीही रक्तदान शिबिरात जाऊन झोपू नका. विंडो पिरियडमधलं, म्हणजे लागण झालीय पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही त्या दिवसांतलं, रक्त टेस्टमधून निसटलं तर ते कुणाच्या तरी अंगात चढणार, बाळंतिणीच्या नाहीतर थॅलेसेमियाच्या लेकराच्या.

रिस्क होऊन 72 तास झाले नसतील तर टेस्टच्या मागं न लागता आधी सिव्हिल गाठा आणि पीईपी विचारा, रिस्कनंतर लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या 28 दिवसांच्या गोळ्या असतात, जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं. त्या घेतल्या तर वर सांगितलेले दिवस जसेच्या तसे लागू होत नाहीत, मग परत टेस्टच्या तारखा डॉक्टरच ठरवतात.

आणि फोर्थ जनरेशन रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आली तरी तो शेवटचा निकाल नसतो. पुढच्या टेस्ट करून खात्री करतात, आणि अँटीबॉडी निगेटिव्ह पण पी-24 पॉझिटिव्ह असं दिसलं तर एनएटी करून बघतात की लागण खरंच अगदी ताजी आहे का. लागण पक्की झाली तर सीडी-4, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, कितीही असू दे, एआरटीच्या, म्हणजे व्हायरस दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सरकारकडून मोफत लगेच सुरू होतात. फोनवर विचारायचं असेल तर 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाइन, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.