थकणे, संपणे, शिळे होणे : इंग्रजी शब्द आणि कोल्हापुरी बोली

दमलेले शरीर, वापरून संपलेली वस्तू आणि ताजेपणा गेलेली गोष्ट या तीन अवस्था सांगणारा इंग्रजी शब्दांचा व वाक्प्रचारांचा समूह. मराठीत माणूस दमतो, तेल संपते आणि भाकरी शिळी होते. इंग्रजीत मात्र माणूस, खाण आणि चर्चेचा विषय असे तिन्ही 'एक्झॉस्टेड' होऊ शकतात. कोल्हापुरात हे शब्द कॉलेजात, उद्यमनगरच्या वर्कशॉपात आणि साखर कारखान्यांत रोज कानावर पडतात. त्यांचा अर्थ शब्दकोशातून पाठ केला तर वापर चुकतो. मूळ शब्द कोणत्या वस्तूवरून किंवा जनावरावरून आला हे कळले, की तो कुठे बसतो ते आपोआप कळते.

'एक्झॉस्ट' हा शब्द विहिरीजवळचा आहे. लॅटिनमध्ये 'हाउरीरे' म्हणजे पाणी शेंदणे. त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'उपसून रिकामे करणे' असा अर्थ झाला. उपसा हा शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्या पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माणूस एक्झॉस्टेड म्हणजे तळ दिसेपर्यंत उपसलेला. जमीन एक्झॉस्टेड म्हणजे कस गेलेली. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा धूर उपसून बाहेर टाकतो आणि गाडीच्या सायलेन्सरमधून निघतो तो इंजिनाने वापरून टाकलेला वायू. 'एक्झॉस्टिव्ह' यादी मात्र थकवणारी यादी नव्हे. विषय पूर्ण उपसलेली, काहीही न सोडलेली ती यादी. थकवणाऱ्या कामाला 'एक्झॉस्टिंग' म्हणतात. या दोन शब्दांची गल्लत विद्यार्थ्यांच्या लिखाणात फार होते.

'स्पेंट' हा पैशाकडून आलेला शब्द. लॅटिनमधल्या मुळाचा अर्थ तोलून देणे, पैसे चुकते करणे. त्यामुळे स्पेंट माणूस म्हणजे गाठीचे सगळे खर्चून बसलेला. कोल्हापूर, सांगलीच्या साखरपट्ट्यात हा शब्द वेगळ्याच वाटेने घरोघरी पोचला आहे. मळी आंबवून त्यातून अल्कोहोल काढल्यावर डिस्टिलरीत उरणारे गडद तपकिरी, दुर्गंधीचे सांडपाणी म्हणजे 'स्पेंट वॉश'. नदी प्रदूषणाच्या बातम्यांत तो नेहमी येतो. त्याचा अर्थ 'खर्ची पडलेला आंबवण' असा आहे हे वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळीही इंग्रजीत स्पेंटच.

'टायर्ड' हा जुन्या इंग्रजीतला साधा शब्द. गाडीच्या टायरशी त्याचे नाते नाही. चाकाचा टायर हा 'पोशाख' या अर्थाच्या शब्दाचे आखूड रूप आहे. 'रिटायर' चाही थकण्याशी संबंध नाही. फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ मागे ओढून घेणे, माघार घेणे एवढाच.

या समूहातला सर्वांत भरलेला भाग घोड्यांचा आहे. मोटारी येण्याआधी ओझे, प्रवास, नांगर आणि लढाई अशी कितीतरी कामे घोड्यावर होती. इंग्रजांनी थकवा सर्वांत जवळून पाहिला तो बहुधा याच जनावरात. 'जेड' म्हणजे राबून खंगलेले, हलक्या प्रतीचे घोडे. त्यावरून 'जेडेड'. नुसत्या दमलेल्या माणसाला हा शब्द लागत नाही. एखादी गोष्ट इतकी भोगली की तिची गोडीच उरली नाही, अशा माणसाला तो लागतो. मराठीत याला 'वीट आलेला' म्हणावे. हिरव्या जेड दगडाचे नाव स्पॅनिशमधून आले आहे, त्याचा या घोड्याशी काही संबंध नाही.

'हॅकनी' म्हणजे भाड्याने मिळणारे, सवारीचे घोडे. लंडनजवळच्या हॅकनी गावावरून हे नाव पडले असावे. तिथल्या कुरणांत घोडी चरत. येईल त्याने भाडे टाकावे आणि बसावे, असे ते घोडे. तेच पुढे वाक्प्रचारांना लागू झाले. कोणीही, कधीही, कशासाठीही वापरलेला शब्दप्रयोग म्हणजे 'हॅकनीड'. लंडनच्या टॅक्सीला सरकारी भाषेत अजून हॅकनी कॅरेज म्हणतात. टांग्याचे घोडे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली दया लगेच कळेल. 'नॅकर' म्हणजे निकामी घोडी विकत घेऊन कापणारा. ब्रिटनमध्ये फार दमल्यावर 'नॅकर्ड' म्हणतात. तो मित्रांत बोलायचा शब्द आहे, अर्जात किंवा साहेबांसमोर शोभत नाही. 'मेलेल्या घोड्याला चाबूक मारणे' हा प्रयोग संपलेला विषय पुन्हा पुन्हा काढण्याबद्दल आहे. त्याला 'पालथ्या घड्यावर पाणी' हा प्रतिशब्द देणे चूक, कारण घड्याचा रोख उपदेश न घेणाऱ्या माणसावर असतो. 'शिळ्या कढीला ऊत' हे त्याच्या बरेच जवळ जाते.

याच गोठ्यातला आणखी एक शब्द 'एफीट'. पिलांना जन्म देऊन देऊन थकलेली मादी हा त्याचा मूळ अर्थ. आज इंग्रजीत तो दुबळ्या, नाजूकसाजूक, निस्तेज माणसाला किंवा संस्कृतीला लावतात. आपल्या 'भाकड' शब्दाचा प्रवासही गोठ्यातून असाच बाहेर पडला, पण तो भाकड कथेकडे वळला.

'स्टेल' या शब्दाची गोष्ट उलटी आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो बिअरचा गुण होता. बरेच दिवस ठेवून गाळ खाली बसलेली, नितळ आणि कडक झालेली ती स्टेल. निंदेचा अर्थ नंतर चिकटला. पाव स्टेल होतो तो केवळ वाळून नव्हे. भाजताना मऊ झालेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा स्फटिकासारखा बांधला जातो. म्हणून बंद पिशवीतला पावही कडक होतो, आणि फ्रिजमध्ये तर बाहेरच्यापेक्षा लवकर. गरम केल्यावर तो थोडा वेळ मऊ पडतो. मराठी 'शिळे' यापेक्षा मायेचे आहे. शिळ्या भाकरीला फोडणी मिळते, शीतला सप्तमीला आदल्या दिवशीचे अन्न हेच व्रताचे जेवण असते, आणि निवांत बसून मारायच्या त्या शिळोप्याच्या गप्पा. इंग्रजी स्टेलमध्ये असे काहीच नाही. हवा, विनोद, बातमी, अति सरावाने ढेपाळलेला खेळाडू, सगळ्यांना तो दोषच देतो.

भाषेच्या शिळेपणासाठी दोन शब्द महत्त्वाचे. 'ट्राइट' लॅटिनमधल्या 'घासलेले' या शब्दावरून आला. मराठीत आपण 'घासून गुळगुळीत झालेला विषय' म्हणतो, ती प्रतिमा तंतोतंत हीच. कंपन्यांत नोकरी सोडून जाणाऱ्यांचा हिशेब ठेवताना म्हणतात तो 'ॲट्रिशन' शब्दही याच घासण्यातून निघाला. 'क्लिशे' फ्रेंच छापखान्यातला. मजकुराचा साचा करून ओतलेला धातूचा ठोकळा, पाहिजे तितक्या वेळा तोच छापता येतो. ज्यांनी खिळे जुळवायचे छापखाने पाहिले आहेत त्यांना क्लिशे म्हणजे काय हे बोटांनी कळेल.

यंत्रे आली तशी प्रतिमा बदलली. इंजिनाची वाफ संपणे, घड्याळाची चावी उतरणे, इंधनाचा काटा शून्यावर येणे. 1891 साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली तेव्हा कोल्हापूरकरांनाही वाफ संपणे म्हणजे काय ते दिसले. पण आपल्याकडे तो वाक्प्रचार रुजला नाही. आज रुजले आहे ते 'बॅटरी डाउन' आणि 'चार्जिंग संपलं'. मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळणे हा प्रयोग फ्रेंचमधून आला. आधी तो संपत्ती उधळण्याबद्दल होता, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबण्याबद्दल नंतर झाला. 'बर्नआउट' हा शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या 1974 च्या लेखामुळे मानसशास्त्रात स्थिरावला. मोफत दवाखान्यात काम करणारे स्वयंसेवक आतून कसे जळून जातात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या दिली. त्यानुसार तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आणलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि कामाचा दर्जा उतरल्याची भावना ही तिची तीन लक्षणे. 'लई दमलोय' म्हणणाऱ्या प्रत्येकाला बर्नआउट म्हणू नये. एका रविवारच्या झोपेने जाते ते दमणेच.

कोल्हापुरी बोलीत थकव्याचे मोजमाप श्वासाने होते. तालमीत पैलवानाचा दम पाहतात. दम लागतो, दम खातात, दमछाक होते. या अर्थी 'दम' फारसीतून आलेला. इंग्रजी 'विंडेड' (धाप लागलेला) याच जातीचा, टायर्ड नव्हे. त्यापुढची पायरी 'पाक गळाटलो', म्हणजे हातापायांतला जोरच ओसरला. इथे एक्झॉस्टेड शोभतो. चर्चा चावून चोथा होते, तिथे चघळून टाकलेला ऊस डोळ्यांसमोर असतो आणि ट्राइट हा शब्द त्यापुढे कोरडा वाटतो. गुऱ्हाळावर तर रस निघालेली चिपाडे वाळवून त्याच रसाच्या काहिलीखाली जाळतात. त्यामुळे ऊसवाल्याच्या तोंडी 'चिपाड' म्हणजे टाकाऊ असा अर्थ सहजी येत नाही.

'अंग आंबलं' याला मात्र इंग्रजीत जोड नाही. दिवसभर भांगलण करून किंवा ऊस तोडून आलेल्या बाईचे अंग आंबते. त्यात दुखणे आहे, जडपणा आहे, आणि पीठ रात्रभर ठेवावे तसे काम अंगात मुरल्याची जाणीवही आहे. 'सोअर' म्हटले तर दुखणे येते, मुरणे येत नाही. 'सावर' म्हटले तर ते नासलेले दूध किंवा कडवट स्वभाव होतो. भाषांतर करणाऱ्याने इथे वाक्यच नव्याने बांधावे.