डॅशबोर्डवरचा गणपती का डुलला?

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरताना मी गाडीच्या पुढच्या काचेला आतून फोन लावला आणि चित्रीकरण सुरू करून दिलं. घरी येऊन पाहिलं तर रस्ता, धबधबे, दरीवरचं धुकं, सगळं अलगद सरकत होतं. फक्त डॅशबोर्डवरचा चार बोटं उंचीचा गणपती विसर्जन मिरवणुकीत असल्यासारखा डुलत होता. डॅशबोर्डही त्याच्या तालावर हलत होता. गाडीत बसून पाहताना यातलं काहीच हललेलं दिसलं नव्हतं. गणपती तर दुहेरी टेपनं पक्का चिकटवलेला.

"फोन नीट लावला नव्हतास," घरातून लगेच निकाल आला. फोन नीटच लावला होता. त्याला काचेवर धरणारा रबरी सक्शन कप काढताना नखं दुखली इतका पक्का. गोंधळ घातला होता तो फोनच्या हुशारीनं.

आजच्या फोनमध्ये जायरोस्कोप नावाचा एक इवलासा सेन्सर असतो. फोन किती आणि कोणत्या दिशेला वळला, हे तो दर सेकंदाला शेकडो वेळा मोजतो. फोन उजवीकडे अर्धा अंश वळला, तर सॉफ्टवेअर ती फ्रेम तेवढीच उलट सरकवतं आणि चित्र थाऱ्यावर आणतं. हातात फोन धरून चालताना हे वरदानच आहे. पण इथे फोन गाडीला जखडलेला. खड्ड्यात गाडी वळली की फोनही तिच्याबरोबर वळणार. फोननं तो धक्का पुसून टाकला, म्हणजे जमिनीच्या मानानं चित्र स्थिर केलं. मग जे जमिनीच्या मानानं खरोखर हलत होतं, म्हणजे गाडी, डॅशबोर्ड आणि बाप्पा, ते पडद्यावर हलताना दिसलं. फोन खोटं बोलत नव्हता. त्यानं फक्त माझ्याऐवजी रस्त्याच्या कडेच्या दगडाची बाजू घेतली.

गाडीतून चित्रीकरण करताना पहिला प्रश्न हाच: स्थिर म्हणजे कशाच्या मानानं? चौकटीत नुसता रस्ता असेल तर स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र थाऱ्यावर आणणारी ही सोय, चालू ठेवावं. बॉनेट, स्टिअरिंग, डॅशबोर्ड यातलं काही दिसत असेल तर ते बंद करावं आणि बाहेरच्या दृश्याला हलू द्यावं. डोळा जवळच्या मोठ्या वस्तूचा आधार घेतो. डॅशबोर्ड थाऱ्यावर असला की बाहेरचा घाट थोडा उसळला तरी आपण गाडीत बसलोय असंच वाटतं. जुन्या हिंदी चित्रपटांत स्टुडिओत उभ्या गाडीमागे पडद्यावर रस्ता पळवायचे, आठवतंय? नायक सरळ रस्त्यावर उगाच स्टिअरिंग डावं-उजवं करत असायचा. तिथे गाडीला मुद्दाम हलवावं लागे, कारण अजिबात न हादरणारी गाडी कोणालाच खरी वाटत नाही.

एकदा स्टॅबिलायझेशन बंद केलं की सगळी भिस्त माउंटवर, म्हणजे कॅमेरा गाडीला धरून ठेवणाऱ्या कप-दांड्यावर येते. कॅमेरा गाडीला नुसता चिकटून चालत नाही, तो आरशासारखा किंवा दाराच्या मुठीसारखा गाडीचा भाग व्हावा लागतो. गाडी हलेल तेवढाच हलला पाहिजे, तिच्यापेक्षा कमी नको आणि जास्त तर नकोच नको.

आता त्या रबरी कपाकडे वळू. सक्शन कप काचेला ओढून धरतो असं आपण म्हणतो, पण हवेला ओढता येतच नाही. तिला येतं ते फक्त ढकलणं. गरम आमटीचा स्टीलचा डबा लगेच झाकण लावून ठेवला तर थंड झाल्यावर झाकण निघता निघत नाही. आतल्या वाफेचं पाणी झालेलं असतं, दाब उतरलेला असतो आणि बाहेरची हवा झाकणावर बसलेली असते. पूर्वी गावोगाव तुंबडी लावणारे असायचे, त्यांची करामतही याच दाबाची. कपाचा खटका दाबला की रबराचा मधला भाग वर उचलला जातो, आत अडकलेली थोडीशी हवा मोठ्या जागेत पसरून विरळ होते आणि बाहेरचं वातावरण कपाला काचेवर दाबून धरतं.

हे वातावरण हलकं वगैरे नाही. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचा महापौर ऑटो फॉन गेरिके यानं सतराव्या शतकाच्या मध्यावर तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतली हवा पंपानं काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. ते ताकद लावून थकले. गोलाचा व्यास अर्ध्या मीटरच्या आसपास होता, म्हणजे त्यावर जवळपास दोन टनांचा भार पडत होता. (यातले एका बाजूचे घोडे निव्वळ देखाव्याचे. ती बाजू एखाद्या भक्कम भिंतीला बांधली असती तरी ताण तेवढाच आला असता. पण भिंत पाहायला गर्दी जमत नाही.)

आपल्या कपाचा हिशेब त्याच सूत्रानं होतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार साधारण १ किलो. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आत पूर्ण निर्वात असेल तर ४५ किलोची पकड. खोक्यावर असले आकडे मोठ्या अक्षरांत छापतात. पण हाताच्या खटक्यानं पूर्ण निर्वात होत नाही. आतला दाब ६० टक्क्यांनी उतरला असं धरलं तर उरतात २७ किलो. एक किलोच्या कॅमेऱ्याला तेही भरपूर वाटतात. मग कप निसटतात कसे?

निसटतात, कारण कप कधीच सरळ ओढून निघत नाही. बाटलीवरचं लेबल सोलावं तसा तो एका कडेनं सुटतो. कॅमेरा कपापासून २० सेंटिमीटर लांब, दांड्याच्या टोकाला असेल तर एक किलो वजन २० किलो-सेंटिमीटरचा पीळ घालतं. खड्ड्यात गाडी आदळली आणि क्षणभर ते वजन तिप्पट झालं की ६०. त्यात कॅमेरा बाहेर असेल आणि गाडी ताशी १०० किलोमीटरनं जात असेल तर वाऱ्याचा रेटाच किलोभराच्या आसपास, म्हणजे आणखी २०. हे सगळं एकाच दिशेला आलं तर झाले ८०. समोर कपाची ताकद किती? २७ किलो गुणिले कपाची त्रिज्या पावणेचार सेंटिमीटर, म्हणजे १०० च्या आत-बाहेर. पंचेचाळीस किलोचा पहिलवान एका बऱ्यापैकी खड्ड्यात घामाघूम होतो तो असा.

उंचीवर परिस्थिती आणखी नाजूक. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो, ते एक वेळ चालून जातं. पण दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून लडाखला निघणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं की खारदुंगलाच्या खिंडीत, ५,३०० मीटरच्या पुढे, दाब जवळपास निम्मा होतो. कपाची पकड म्हणजे बाहेरचा दाब वजा आतला दाब. खाली लावलेल्या कपात अडकलेली हवा तेवढीच राहते आणि बाहेरची मात्र विरळ होत जाते. म्हणजे पकड निम्म्याहूनही खाली घसरते. चढावर मध्ये थांबून कप पुन्हा बसवणं हा त्यावरचा फुकटचा उपाय.

पावसाची गंमत वेगळीच. काच ओली असली की पाण्याचा पातळ थर बारीक फटी बुजवतो, त्यामुळे हवा आत शिरायला वेळ लागतो. कप लावण्याआधी लोक त्याला थुंकी लावतात ते यासाठीच. पण त्याच पाण्यानं घर्षण कमी होतं आणि उभ्या काचेवर कप न सुटता हळूहळू घसरायला लागतो. धूळ मात्र दोन्हीकडून मारते, फट पाडते आणि घर्षणही घालवते. काच पुसून कोरडी करावी आणि थोडा ओलावा लागलाच तर कपाच्या फक्त कडेला द्यावा.

चित्रपटवाले जो कप वापरतात तो मुळात काचेचे मोठाले तक्ते उचलण्यासाठी बनलेला आहे. व्यास १५ सेंटिमीटरचा, बाजूला हातपंप. त्याच्या दट्ट्यावर एक लाल रेघ असते. हवा आत झिरपली की दट्ट्या बाहेर सरकतो, रेघ दिसू लागते आणि कॅमेऱ्याचा मदतनीस धावत जाऊन दोन-चार पंप मारतो. व्यास दुप्पट असला तरी क्षेत्रफळ चौपट आणि सोलण्याविरुद्धची ताकद आठपट! असे तीन कप त्रिकोणात लावले की कॅमेऱ्याला कुठल्याच बाजूला कलायला वाव राहत नाही. एका कपाची ताकद वाढवण्यापेक्षा दुसरा आणि तिसरा कप लांब अंतरावर लावणं केव्हाही श्रेयस्कर.

पकड जमली तरी थरथर उरतेच, आणि ती समजायला शाळेतली एक खोडी पुरेशी आहे. स्टीलची पट्टी बाकाच्या कडेवर दाबून धरायची आणि टिचकी मारायची. जास्त लांब बाहेर काढली तर ती मोठ्ठी, आळसावलेली हलते. आखूड केली की टर्र असा बारीक आवाज करते. माउंटचा दांडा म्हणजे हीच पट्टी. दांडा दुप्पट लांब केला तर त्याचा ताठपणा निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो. टोकाला कॅमेऱ्याचं वजन असल्यामुळे त्याची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे टिचकी मारल्यावर तो सेकंदाला किती वेळा हलतो ती त्याची स्वतःची लय, जवळपास तिपटीनं उतरते.

आणि ती उतरून नेमकी नको तिथे येते. गाडी एकाच वेळी तीन लयींत हलत असते. स्प्रिंगांवर अख्खी गाडी सेकंदाला एक-दोनदा हेलकावते. चाकं आणि आस सेकंदाला १० ते १५ वेळा थडथडतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत असेल तरी सेकंदाला २७ हादरे देतं. दांड्याची स्वतःची लय यातल्या एखाद्या लयीशी जुळली की झोक्याला योग्य वेळी दिलेल्या ठेल्यांसारखं होतं. हादरा इवलासा, पण कॅमेऱ्याची डोलकाठी! दांडा आखूड ठेवा, असं जाणकार सांगतात त्यामागे हे गणित आहे. दांडा इतका ताठ हवा की त्याची लय या तिन्हींच्या बरीच वर राहील.

इथे बरेच जण मऊ रबराचा वॉशर किंवा स्पंजचा तुकडा मध्ये घालतात, कंप शोषले जातील म्हणून. मीही घातला होता आणि चित्र आणखी बिघडलं. मऊ आधार कंप शोषतो ते फक्त त्याच्या स्वतःच्या लयीच्या सुमारे १.४ पटीहून जलद असलेले. त्याच्या खालचे तो वाढवतो. इंजिनाचे २७ हादरे अडवायचे तर आधाराची लय सेकंदाला १९ पेक्षा कमी हवी. तशी ठेवली की ती चाकांच्या थडथडीजवळ जाते आणि स्पंज तिलाच साथ देतो.

सगळ्यात विचित्र दिसतो तो थुलथुलीतपणा. विजेचे खांब वेलांटीसारखे वाकतात, बॉनेट जेलीसारखं लिबलिबतं. बहुतेक कॅमेरे अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाहीत. वरच्या ओळीपासून खाली एकेक ओळ वाचत जातात. झेरॉक्स निघत असताना कागद सरकला की अक्षरं तिरपी येतात, तसंच हे. एका फ्रेमची वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत कॅमेरा हलला तर चित्राचे दोन भाग दोन वेगळ्या जागांवरून टिपले जातात. इंजिनाच्या लयीचे कंप इथे हमखास सापडतात. हे नंतर संगणकावर पुसणं कठीण, माउंट ताठ करणं सोपं. दुचाकीवाल्यांना तर आणखी एक कारण आहे: जास्त शक्तीच्या मोटरसायकल इंजिनांच्या कंपनांमुळे फोनमधली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा खुद्द ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता.

कप कुठे लावायचा, हे बोटानं ठोकून ठरवावं. बॉनेटच्या मध्यावर बोट ठोकलं तर पत्रा डब्यासारखा वाजतो, कारण तो मध्ये मोकळा असतो आणि चालत्या गाडीत ढोलाच्या चामड्यासारखा फडफडतो. कडेला सरकत गेलं की आवाज बद्द होतो. तिथे पत्र्याला खालून आधार असतो, कप तिथे हवा. काचेचंही तसंच, चौकटीजवळची जागा मध्यापेक्षा ताठ. डॅशबोर्डच्या खरबरीत प्लॅस्टिकवर साधा कप टिकत नाही. दाण्यांमधून हवा आत शिरत राहते.

लेन्स शक्यतो रुंद कोनाची घ्यावी. कॅमेरा एक दशांश अंश वळला तर १०० अंशांच्या रुंद चौकटीत चित्र फोर-केच्या मोजमापानं चारेक पिक्सेल सरकतं, २० अंशांच्या झूममध्ये एकोणीस. काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पडत असेल तर डॅशबोर्डवर काळं कापड टाकावं. लेन्सवर लावायच्या, चकाकी कमी करणाऱ्या पोलरायझर फिल्टरनंही काम होतं, पण तो लावून बाजूच्या खिडकीतून चित्रीकरण करू नये. कडक केलेल्या त्या काचेतले ताण चट्ट्यापट्ट्यांसारखे उमटतात आणि काच मळकी आहे की काय असं वाटतं.

गाडीच्या बाहेर कॅमेरा लावायचा तर कप सुटलाच तर कॅमेरा धरून ठेवणारी एक दोरी हवीच, आणि ती कपाला नव्हे, गाडीच्या एखाद्या धातूच्या भागाला बांधलेली. सुटलेला एक किलोचा कॅमेरा मागच्या दुचाकीस्वाराला कुठे लागेल, हे कोणीच ठरवून देऊ शकत नाही. चित्रपटवाले असली दृश्यं बंद केलेल्या रस्त्यावर, परवानगीनं घेतात. वाहत्या महामार्गावर मी तरी कॅमेरा काचेच्या आतच ठेवतो, चालकाच्या नजरेआड येणार नाही असा, आरशामागे.

या पावसाळ्यात पुन्हा ताम्हिणीला गेलो. दांडा बोटाएवढा, कप चौकटीलगत, स्टॅबिलायझेशन बंद. या वेळी वळणांवर दरी भरपूर हिंदकळते, झाडं उसळतात, वायपर आपले इमानेइतबारे फिरत राहतात. पौडच्या पुढच्या एका गतिरोधकावर गणपतीच्या गळ्यातली मोत्यांची माळ उडून त्याच्या सोंडेवर बसते. गणपती जागचा हलत नाही.