प्रेरणा वेगळी, कारण वेगळं

"धर्म घरात ठेवा, कायद्यात आणू नका," असं एक जण म्हणतो. "म्हणजे आमच्या श्रद्धेला काही किंमतच नाही?" असं दुसरा विचारतो, आणि पुढचा तासभर भांडण चालतं. मुंबईत वस्तीच्या बैठकांना जाऊ लागल्यापासून मी हे ऐकतोय. दोघांची चूक एकच आहे. मला एखादा कायदा हवासा का वाटतो आणि तो सगळ्यांना बांधील का असावा, हे दोन प्रश्न ते एकात मिसळतात. पहिल्याचं उत्तर म्हणजे प्रेरणा, दुसऱ्याचं म्हणजे कारण.

प्रेरणेबद्दल फार लिहायला नको, ती श्रद्धेतून येऊ शकते हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही. वारकरी घरातल्या माणसाला भुकेल्याला जेवू घालावंसं वाटतं, जकात म्हणजे इस्लाममधलं बंधनकारक दान देणाऱ्याला गरिबाचा हक्क दिसतो, बौद्ध माणसाच्या समतेच्या आग्रहामागे धम्म असतो. या लोकांनी सार्वजनिक कामात येताना श्रद्धा चपलांसारखी दाराबाहेर काढून यावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. शब्दांचा घोळही इथेच संपवू. शेजारधर्मातला धर्म म्हणजे कर्तव्य, जनगणनेच्या अर्जावरचा धर्म वेगळा. आणि कृपा करून धर्मनिरपेक्ष राज्याला 'निधर्मी' म्हणणं थांबवा. धर्म न मानणं आणि धर्माधर्मांत पक्षपात न करणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

अडतं ते कारणापाशी.

गणपतीच्या आधी आमच्या भागात मंडळांची आणि रहिवाशांची बैठक झाली. विषय स्पीकरचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, "दहाला शेजारती होते. देव झोपला की मग हा डीजे कुणासाठी लावता रे?" त्यांच्या मागे बसलेले आजोबा म्हणाले, "आमच्या हिची बायपास झालीय. रात्री झोप लागली नाही की पहाटे छाती धडधडते." मंडळाचा मुलगा दोघांनाही एकच उत्तर देत होता, "हा आमच्या धर्माचा प्रश्न आहे."

काकूंची आणि आजोबांची मागणी एकच होती, दहाला स्पीकर बंद. पण काकूंनी सांगितली ती प्रेरणा, आजोबांनी सांगितलं ते कारण. काकूंना गप्प बसवायचा अधिकार कुणालाही नाही. मंडळातल्या भाविक पोरांना समजावायला त्यांच्याइतका चांगला माणूस मिळणारही नाही. पण समोरच्या इमारतीत ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्यांना शेजारती काय ते माहीत असण्याचं कारण नाही आणि ती त्यांना बांधील असण्याचं तर मुळीच नाही. आजोबांचं म्हणणं मात्र कुठल्याही धर्माच्या माणसाला तपासून बघता येतं. डॉक्टरला विचारा, आवाज मोजा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम याच पायावर उभे आहेत: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर नाही, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. मंडप, मशीद, लग्नाची वरात, सगळ्यांना सारखंच. त्याच वर्षी चेन्नईतल्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही.

आणि मंडळाचा मुलगा? त्याने सांगितलं तीही प्रेरणाच, फक्त ती कारणाच्या जागी ठेवली होती.

लोक फसतात ते इथे. कायदा कुणाला हवाय, ते बघून निकाल देतात. मागणारा देवभोळा असला की मागणी मोडीत, मागणारा परधर्मी असला की डाव. मुंबईत हे जुनं आहे. बालविवाहाविरुद्ध 1884 मध्ये आवाज उठवणाऱ्या बेहरामजी मलबारींना लोक विचारत होते, हिंदूंच्या घरात या पारशाचं काय काम? 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रांचे आधार काढून दाखवले, आणि ते योग्यच केलं, कारण श्रद्धावानाशी त्याच्याच भाषेत बोलावं लागतं. पण संभोगासाठी मुलीच्या वयाची अट 10 वरून 12 वर नेण्याचं कारण शास्त्रात नव्हतं. ते कलकत्त्यातल्या फुलमणीच्या देहावर होतं. अजाण वयाची ती मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली होती. ते कारण समजायला ना हिंदू असावं लागत होतं, ना पारशी.

आता उलटी बाजू. कारण म्हणून पुढे केलेली गोष्ट खरंच कारण आहे की प्रेरणेवरचं पांघरूण, हे कसं ओळखायचं? माझी कसोटी एकच आहे. ते कारण जिथे जिथे लागू पडतं, तिथे तिथे कायदा पोचतो का? डान्सबार घ्या. मला स्वतःला डान्सबार आवडत नाहीत. नाचणाऱ्या बाईवर नोटा उधळणं मला किळसवाणं वाटतं. ही माझी प्रेरणा. 2005 मध्ये सरकारने बंदी आणली, कारण दिलं स्त्रियांची प्रतिष्ठा आणि नीतिमत्ता. पण त्याच कायद्यात तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. प्रतिष्ठा हे कारण खरं असतं तर ती तारांकित हॉटेलातही जपली असती. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. श्रीमंताने पाहिला तर करमणूक आणि गरिबाने पाहिला तर अनाचार, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. 2016 च्या कायद्यानंतर अट आली, शाळा आणि धर्मस्थळांपासून एक किलोमीटर दूर. मुंबईत अशी जागा दाखवा! 2019 मध्ये तीही अट गेली. दरम्यान हजारो बायकांच्या पोटावर पाय आला होता.

घटनेतलं 48 वं कलमही असंच वाचा. सुरुवात आधुनिक, शास्त्रीय शेती आणि पशुसंवर्धनापासून होते आणि शेवट गोवंशाच्या कत्तलबंदीने. घटना समितीत 24 नोव्हेंबर 1948 ला मुस्लिम सदस्य झेड. एच. लारी म्हणाले होते की धार्मिक कारणासाठी हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मला त्यांचं पटतं. प्रेरणा उघड सांगितली तर तिच्याशी बोलता येतं. शेतीचं कारण दिलं की म्हातारा बैल पोसण्याचा हिशेबही शेतकऱ्याला विचारावा लागतो, आणि तो सहसा विचारला जात नाही.

बैठकीत शेवटी एकाने हुशारीने विचारलं, सणांच्या काही दिवशी सरकार बारापर्यंत स्पीकरला परवानगी देतं, मग ती सवलत धर्मासाठीच झाली ना? प्रश्न चांगला आहे. नियमात 'सांस्कृतिक किंवा धार्मिक सण' असंच लिहिलंय. पण ती सवलत सण पवित्र आहे म्हणून मिळत नाही. खूप लोकांचा आनंद एका बाजूला, झोप दुसऱ्या बाजूला, आणि तोल सांभाळायला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, तेही सगळ्या धर्मांचे सण मिळून. म्हणून आजोबांनी त्या रात्री मंडळाकडे विसर्जनाच्या दिवसाबद्दल काहीच मागितलं नाही. उरलेल्या रात्रींचा अर्ज त्यांनी लिहिला, त्यात रुग्ण होते, दहावीची मुलं होती, पहाटेच्या पाळीला जाणारे कामगार होते. शेजारती नव्हती. त्यावर पहिली सही काकूंनी केली.