दाण्यातलं पाणी आणि पार्टमधलं पाणी

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या मोल्डिंग शॉपमध्ये आम्ही प्लास्टिकचा दाणा वितळवून साच्यात पार्ट बनवतो. तिथे नवीन पोरगा लागला की आठवड्याभरात त्याचा प्रश्न ठरलेला: "सर, दाणा चार-चार तास सुकवतो आणि पार्ट बाहेर आला की पाण्यात बुडवतो. मग सुकवला कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आमचा बहुतेक माल म्हणजे ३० टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन ६. पाणी दाण्यात असो की पार्टमध्ये, खेचून तपासलं तर ताकद कमीच भरते. म्हणून दोन्हीला सरसकट 'ओलावा' म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

दाण्यातलं पाणी आधी घेऊ, कारण खरं नुकसान तेच करतं. नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळतं. दाणा जिथे वितळतो तो मशीनचा बॅरल त्याहून बराच गरम ठेवतो. त्या उष्णतेत पाणी नायलॉनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं. माल पातळ होतो, नोझलमधून गळतो, पार्टवर चंदेरी रेघा उमटतात. काचेला काही होत नाही. पार्ट जाळून राख तोलली तर ३० टक्के काच बरोबर भरेल. पण एका तंतूवरचा भार दुसऱ्यावर पोचवायचं काम नायलॉनचं, आणि तेच आतून तुटलेलं असतं. तुटलेली साखळी पार्ट कितीही सुकवला तरी जुळत नाही. म्हणून ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली आणूनच दाणा मशीनला द्यायचा. जुलैत खाडीकडून येणाऱ्या हवेत उघडी राहिलेली गोणी भराभर पाणी ओढते, आणि साधा हॉपर ड्रायर तीच दमट हवा तापवून दाण्यात सोडतो. आपल्या भागात पावसाळ्यात डिह्युमिडिफायिंग ड्रायरच, म्हणजे हवेतलं पाणी आधी काढून घेणारा ड्रायर हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकला तर ओलावा ०.०४ टक्क्यांच्याही खाली लागतो, आणि तो जास्त राहिला तरी पार्ट दिसायला मात्र चकाचक निघतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ ओढतच नाही, त्याला ही भानगड नाही.

पार्टमधलं पाणी वेगळं. ते साखळ्या तोडत नाही, त्यांच्या मधे जाऊन बसतं आणि त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं. मालाच्या डेटाशीटवर 'ड्राय' (कोरडा) आणि 'कंडिशन्ड' (पाणी प्यायलेला) असे दोन रकाने असतात ते यासाठीच: ताणशक्ती साधारण १८० मेगापास्कलवरून ११० च्या आसपास येते. आकडा पाहून घाबरू नये. त्याच वेळी पार्ट चिवट होतो. कोरडी असताना बसवताना तडकणारी क्लिप आता वाकून बसते. पाण्यात बुडवतो ते यासाठी. नाही बुडवलं तरी पार्ट हवेतून हळूहळू पाणी घेणारच, जाड असेल तर महिनोन्‌महिने. सुकवला की ताकद बरीचशी परत येते. अपवाद गरम कूलंटमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या पार्टचा: तिथे काच आणि नायलॉनमधला जोडही सुटत जातो, आणि तो सुकवून भरून येत नाही.

ओळखायचं कसं? ताणशक्तीवर जाऊ नका, ती दोन्हीकडे घटते. हातोडीचा घाव घालून बघा: पार्टने पाणी प्यायलं असेल तर तो जास्त सोसतो, साखळी तुटली असेल तर कमी.

एका पावसाळ्यात आमच्याकडचे ब्रॅकेट बसवताना तडकायला लागले. कोरडे असतील म्हणून आम्ही ते दोन दिवस गरम पाण्यात ठेवले, तरी ते कडाकड तुटत राहिले. शेवटी एक पार्ट पूर्ण सुकवून व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा तपासला, तो फार खाली आला होता: साखळ्याच तुटल्या होत्या. ड्रायरमधला हवेचा ओलावा शोषणारा डेसिकंट निकामी झाला होता आणि तीन शिफ्ट कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो लॉट दळून चांगल्या दाण्यात मिसळायचीही सोय उरली नाही.

आता प्रत्येक शिफ्टला पहिला पार्ट काढण्याआधी हॉपरच्या, म्हणजे मशीनवरच्या दाण्याच्या टाकीच्या तळातला दाणा ओलावा-मापकात जातो. वरचा नाही, तळातला. मशीनमध्ये आधी जाणार तो तोच.