हाड कुठं हाय?

शाडूचा हात करायला बसलो तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत मी नुसते फुगवटे लावत गेलो. सरांनी ओला फडका बाजूला केला, मातीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हाड कुठं हाय ह्यात?"

तुम्हीही आपल्या हातावर शोधून बघा. कोपराच्या टोकावर बोट ठेवा आणि करंगळीच्या बाजूने मनगटाकडे सरकवा. एक सलग कडा लागते. हे अल्ना नावाचं हाड. कोपराचं टोक म्हणजे त्याचंच वरचं टोक. शेजारी रेडियस. तळवा उताणा असताना दोन्ही हाडं समांतर असतात. पालथा केला की रेडियस अल्नावरून तिरकं जातं आणि अल्ना जवळपास जागच्या जागी राहतं. त्यामुळे उताणा हात पसरट दिसतो, पालथा गोलसर. फुगवटे लावून हा फरक कधीच येत नाही, आधी आतली हाडं फिरवावी लागतात.

अल्नाच्या कडेवर स्नायूचं पांघरूण नाही, कातडीखाली लगेच हाड. किरकोळ माणसाच्या हातावर ती कडा वर आलेली दिसते. पैलवानाच्या हाताला मात्र दोन्ही बाजूंचे स्नायू इतके भरतात की त्याच जागी चर पडते. पाठीच्या कण्याचंही तसंच. हे मला कोल्हापूरच्या गंगावेशीत, तालमीतल्या पोरांचा मेहनतीचा घाम पुसून होईपर्यंत शेजारी बसून कळलं. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं त्या गावात शरीर शिकायला मिळणं हे खरोखर भाग्य आहे.

माती एवढी ऐकते कशी? तिचे कण सूक्ष्म आणि चपटे असतात, मध्ये पाण्याचा पातळ थर. दाबलं की कण एकमेकांवरून सरकतात, बोट उचललं की तिथेच थांबतात. पाणी उडालं की ते जवळ येतात आणि माती आकसते. आतला तारेचा सांगाडा मात्र आकसत नाही. एका रात्री फडका भिजवायला विसरलो आणि सकाळी मनगटाला आडवी भेग पडली होती.

आता पैलवानाचं डोकं करतोय आणि मन रमलंय ते त्याच्या मोडलेल्या कानात. कानाला आकार देणाऱ्या लवचिक कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. घासून, दाबून ते आवरण सुटलं की मध्ये रक्त साचतं. ते वेळीच काढलं नाही तर कूर्चा मरते आणि त्या जागी कडक, वेडीवाकडी गाठ धरते. म्हणून हा कान गोळे चिकटवून होत नाही. मी आधी धड कान पूर्ण केला, मग त्याच्या घड्या एकेक करून बुजवत गेलो. पाळीला हात लावला नाही. तिच्यात कूर्चाच नसते, त्यामुळे वरचा कान कितीही मोडला तरी पाळी मऊच राहते.