लाकडाचं ५ नंबर, धातूचं ५ नंबर: स्क्रोल सॉच्या पात्यांसाठी स्टँड करण्याआधी

स्क्रोल सॉची, म्हणजे बारीक उभं पातं वर-खाली हलवत नक्षी कापणाऱ्या मशिनची, दोन पाती टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही साधारण १३० मिलिमीटर लांब, दोन्हींची टोकं सपाट, रंग तोच करडा-काळा आणि दोन्हींच्या पुडीवर छापलेलं '५ नंबर'. त्यातलं एक लाकूड कापायचं आहे. दुसरं धातूच्या पत्र्याचं, म्हणजे मुळात सोनारांच्या हातकरवतीत लावतात ते. स्क्रोल सॉच्या पकडीत दोन्ही सारखीच बसतात. पुडीतून काढून एका डब्यात टाकली, की कोणतं कुठलं हे घाईत ओळखू येत नाही. मी पात्यांसाठी स्टँड करायला घेतलं ते या एका गोंधळापायी. म्हणून आधी ही दोन पाती नीट पाहू, मग स्टँडकडे वळू.

घोळ सुरू होतो तो नंबरापासून. नंबर सांगतो पात्याची जाडी-रुंदी. ते कशासाठी आहे हे त्यात कुठेच येत नाही. नंबर चढत गेला की पातं जाड आणि रुंद होत जातं. उतरत गेला की आधी ०, मग २/० (म्हणजे दोन शून्यं), ३/० (तीन शून्यं), जितकी शून्यं जास्त तितकं पातं बारीक. लाकडाची पाती साधारण २/० पासून १२ नंबरापर्यंत वापरात असतात. धातूची पाती त्याहून बरीच खाली उतरतात. ८/० चं पातं जेमतेम ०.१६ मिलिमीटर जाड आणि ०.३२ मिलिमीटर रुंद असतं. पण मधले नंबर दोन्हीकडे आहेत आणि खरी गल्लत तिथेच होते. लाकडाचं ५ नंबर जवळपास ०.४१ मिलिमीटर जाड आणि ०.९७ मिलिमीटर रुंद. धातूचं ५ नंबर जवळपास ०.४० जाड, ०.८५ रुंद. कंपनीगणिक यात थोडं इकडेतिकडे होतं. एवढासा फरक बोटांना कळणं शक्यच नाही.

दातांचं मात्र तसं नाही. लाकडाच्या ५ नंबरला एका सेंटिमीटरमध्ये साधारण ५ दात असतात, धातूच्या ५ नंबरला १४. जवळजवळ तिप्पट.

हा फरक उगाच ठेवलेला नाही. लाकडाचा भुसा तंतूंचा, फुगणारा. दाताने जेवढं लाकूड सोडवलं त्याहून कितीतरी जास्त जागा त्या भुशाला लागते, आणि पातं लाकडाच्या बाहेर येईपर्यंत तो भुसा दोन दातांमधल्या खाचेतच राहतो. म्हणून लाकडाच्या पात्यात एक दात सोडून एक दात काढून टाकलेला असतो. स्किप टूथ म्हणजे हेच. मोकळ्या खाचेत भुसा मावतो, वर-खाली होताना बाहेर पडतो आणि पातंही त्यामानाने गार राहतं. धातूचा कीस अगदी बारीक निघतो, त्याला एवढी जागा नको. त्याची अडचण वेगळी आहे. पत्रा पातळ असतो आणि पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान दोन दात तरी हवेत. आता हिशोब करून पाहा. सेंटिमीटरला ५ दात म्हणजे दर दोन मिलिमीटरला एक. एक मिलिमीटरचा पितळी पत्रा अशा दोन दातांच्या मधल्या खाचेत आरामात शिरतो. पातं वर जाताना पत्रा उचलला जातो, खाली येताना दात त्याच्या कडेवर आदळतो. पत्रा तडतडतो, हातातून निसटू पाहतो, आणि शेवटी दात तरी मोडतो किंवा पातं तरी. त्याच पत्र्याला २/० चं धातूचं पातं लावा. सेंटिमीटरला साधारण २२ दात असल्याने जाडीत दोन दात कायम राहतात आणि काप शांतपणे पुढे सरकतो. यातून आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: धातूतलं ५ नंबरही एक मिलिमीटरच्या पत्र्याला भरडच पडतं.

उलट बाजूची चूक मी स्वतः केली आहे आणि ती जास्त फसवी वाटते. अठरा मिलिमीटरच्या टणक फळीवर एक नक्षी कापत होतो. पातं ५ नंबरचंच होतं, पण हाती आलं होतं धातूचं. काप सुरू झाला, पुढे सरकेना. मी फळी जरा जोरात रेटली. खाचा भुशाने गच्च भरल्या, दात लाकडाला टेकेनासे झाले आणि पातं नुसतं घासत राहिलं. कड आधी तपकिरी, मग काळी झाली, जळका वास सुटला, पातं तुटलं. मी डब्यातून 'तसंच दुसरं' काढून लावलं. तेही तुटलं. तोवर संध्याकाळ गेली. लाकूड ओलं असेल, वेग जास्त असेल, ताण कमी असेल, सगळ्या शंका घेऊन झाल्या. पात्यावर शंका आली नाही, कारण नंबर बरोबर होता ना! चुकीचं पातं पत्र्यावर लावलं तर ते ओरडून सांगतं. लाकडावर लावलेलं चुकीचं पातं कापत राहतं, फक्त वाईट कापतं, आणि आपण दोष भलतीकडे शोधत बसतो.

ओळखायचं कसं? पट्टी घ्या, पातं पांढऱ्या कागदावर आडवं ठेवा आणि एका सेंटिमीटरमधले दात मोजा. ५ ते ८ पर्यंत सहज मोजता आले आणि दातांच्या मध्ये सपाट मोकळी जागा दिसली, तर पातं लाकडाचं. भिंग घेतल्याशिवाय मोजताच येत नसतील आणि दात एकाला एक चिकटून रांगेत असतील, तर धातूचं. अगदी बारीक नंबरांत ही खूण थोडी धूसर होते, कारण लाकडाच्या २/० लाही सेंटिमीटरला ११ च्या आसपास दात असतात. तरी धातूच्या २/० च्या ते निम्मेच. धातूच्या पुष्कळ पात्यांची पाठ गोलसर केलेली असते, म्हणजे वळणावर ती अडत नाही. ही खूण दुय्यम धरावी, कारण सगळ्याच पात्यांना ती नसते. दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली पाती या गोंधळात येतच नाहीत, ती लांबूनच ओळखू येतात.

एक गोष्ट दोघांतही सारखीच आहे, आणि स्टँड करताना ती उपयोगी पडते. मशिनवर दातांची टोकं खालीच हवीत. बोट पात्यावरून वरच्या दिशेने हलकेच फिरवलं आणि दात बोटाला अडले, तर पातं सुलट धरलंय. बारीक पात्यांत बोटाला काही कळत नाही, तिथे सुती कापडाच्या कडेवरून पातं ओढून पाहावं. ज्या दिशेला कापड अडकतं, त्या दिशेला दातांची टोकं. लाकडाच्या पात्यांत रिव्हर्स टूथ नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात खालचे मोजके दात वर तोंड करून असतात. प्लायवूडच्या खालच्या थराच्या कपच्या उडू नयेत म्हणून ही सोय. पातं सर्वांत वर असताना त्यातले दोन-तीन दात टेबलाच्या वर आले पाहिजेत. असं पातं उलटं लागलं तर सगळा खेळ बिघडतो, म्हणून ते ठेवतानाच खालचं टोक खाली ठेवायची सवय लावावी.

आता स्टँड. सुरुवातीला मी सगळ्यांसारखाच विचार केला: लाकडाचा एक ठोकळा, त्यात ओळीने भोकं, प्रत्येक भोकाखाली नंबर. हा आराखडा दोन कारणांनी सोडला. पहिलं कारण अगदी व्यवहारातलं. १३० मिलिमीटरच्या पात्याला शंभर मिलिमीटर तरी खोल भोक हवं आणि इतकं खोल भोक साध्या ड्रिलने सरळ जात नाही, टोक भरकटतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळी भोकं सारखी, सगळी पाती सारखी, फरक फक्त चिठ्ठीत. चिठ्ठी पुसते, निघते, आणि कामाच्या भरात आपण ती वाचतही नाही. दोन जातींची घरंच इतकी वेगळी हवीत की हात पुढे केल्यावर हातालाच कळावं.

म्हणून लाकडाच्या पात्यांना उघड्या, तिरक्या नळ्या दिल्या आणि धातूच्या पात्यांना झाकणाच्या बंद नळ्या, त्याही वेगळ्या पेटीत आडव्या.

लाकडाच्या स्टँडला बारा मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या पुरतात, प्रत्येकी २०० बाय ८५ मिलिमीटर. दोन्ही एकमेकींवर घट्ट आवळून सगळ्या भोकांच्या जागी आधी दोन मिलिमीटरचं बारीक भोक आरपार पाडावं. मग फळ्या सोडवून वरच्या फळीतली भोकं १७ मिलिमीटरची करावीत, खालच्या फळीतली १० ची. असं केलं की वरचं-खालचं भोक अचूक एका रेषेत राहतं. भोकं आधी मोठी पाडून मग फळ्या जुळवायला गेलं तर एखादी नळी तरी वाकडी बसतेच. नळ्या म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या परीक्षानळ्या, १५० मिलिमीटर लांबीच्या, बारीक दातांच्या करवतीने १०० वर कापलेल्या. नळीचा गोल तळ खालच्या भोकात अलगद बसतो, आणि पात्यांचा वरचा तीस मिलिमीटर भाग बाहेर राहतो, म्हणजे चिमटीत धरायला सोपं. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर प्रत्येक पातं तिथे अडकेल. तळाशी स्पंजचा छोटा तुकडा टाकला तर टोकं गोल तळात रुतून बसत नाहीत.

दोन नळ्यांच्या मध्यबिंदूंत ३० मिलिमीटर अंतर ठेवलंय. बोटं आत शिरायला तेवढं लागतंच. एका ओळीत सहा नळ्या बसतात. पुढच्या ओळीत साधी स्किप टूथ आणि मागच्या ओळीत, ३५ मिलिमीटर अंतरावर, त्याच नंबरांची रिव्हर्स. फळ्यांच्या मध्ये पन्नास मिलिमीटर मोकळी जागा सोडून दोन बाजूपट्ट्या गोंद आणि स्क्रूने जोडल्या. पट्ट्यांचा तळ दहा अंश तिरका कापला, त्यामुळे स्टँड थोडं मागे रेलतं आणि नळीतली पाती एका अंगाला टेकून राहतात. एका नळीत दोन-तीन डझन पाती मोकळेपणी राहतात. त्याहून जास्त कोंबली तर एक काढताना चार बाहेर येतात.

धातूच्या पात्यांची तऱ्हा वेगळी. ती फार नाजूक. जरा जास्त वाकली की कटकन तुटतात आणि ४/० च्या खालची पाती तर मोकळी सोडली की केसांसारखी एकमेकांत गुंततात. बऱ्याचदा ती डझनाच्या जुडीत, बारीक तारेने बांधून येतात. ती तार काढूच नये, एका टोकाची सैल करून हवं तेवढंच पातं ओढून घ्यावं. जुडी पांढऱ्या कागदात गुंडाळून न कापलेल्या १५० मिलिमीटरच्या नळीत ठेवायची आणि बूच लावायचं. पांढऱ्या कागदावर काळं पातं पटकन दिसतं, तोच कागद दात मोजायलाही कामी येतो. नळीवरच्या चिठ्ठीवर नुसता नंबर लिहू नका. 'धातू, २/०, सेंमीला २२' असं पूर्ण लिहा. लाकडाच्या नळ्यांवरही तसंच.

लोहचुंबक लावायचा मोह पुष्कळांना होतो. पट्टीवर पाती नुसती चिकटवली की काम झालं, दिसतातही छान. मी तरी तो सल्ला देणार नाही. चुंबकावर राहून पात्यांत थोडं चुंबकत्व उतरतं, मग बारीक पाती एकमेकांना चिकटून बसतात आणि सुटी करताना तुटतात.

गंज हा दोघांचाही शत्रू, पण बारीक पात्याला तो आधी संपवतो, कारण मुळात तिथे पोलाद असतं कितीसं! बंद नळीत सिलिका जेलची छोटी पुडी टाकावी. पात्यांवर तेलाचा पुसट हात असेल तर राहू द्या, मात्र मशिनवर चढवताना दोन्ही टोकं स्पिरिटने पुसून घ्या. तेलकट टोक पकडीतून निसटतं आणि आपण उगाच पकड आवळत बसतो. धातूच्या पात्यांची पेटी ओकच्या लाकडाची करू नका. त्या लाकडातून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते आणि बंद जागेत पोलादाला गंज चढतो.

मग एक प्रश्न उरतो तो मधल्या कामांचा. पातळ पत्रा दोन प्लायच्या मध्ये दाबून कापायचा असेल तर कोणत्या नळीत हात घालायचा? धातूच्या. वर-खाली लाकूड कितीही असलं तरी दात मोडतो तो पत्र्यावरच. अशा वेळी मशिन सर्वांत कमी वेगावर, मिनिटाला ४०० ते ६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावं, पात्याला मेण लावावं आणि भुशाने खाचा भरतील हे धरूनच सावकाश पुढे जावं.

वापरलेल्या पात्यांसाठी तेरावी जागा मी स्टँडच्या बाहेर ठेवली आहे, रुंद तोंडाची एक बाटली. अर्धवट झिजलेलं पातं परत नळीत गेलं की पुढच्या वेळी तेच हाती लागतं, म्हणून मशिनवरून उतरलेलं पातं सरळ त्या बाटलीत जातं. बाटलीतलं पातं पुन्हा हवं असलं, तर आधी कागद आणि पट्टी काढून दात मोजायचे.