ॲपालॅचिया : ग्रामीण समाजापुढील आर्थिक, सामाजिक आणि आरोग्यविषयक प्रश्न

ॲपालॅचिया हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागातील, ॲपालॅचियन पर्वतरांगांच्या कुशीत वसलेला प्रदेश होय. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तर भागापर्यंत तो पसरलेला आहे. 1965 च्या कायद्याने स्थापन झालेल्या ॲपालॅचियन प्रादेशिक आयोगाच्या कार्यक्षेत्रात सध्या 13 राज्यांतील 423 काउंट्या (राज्यांचे जिल्हावजा विभाग) आणि सुमारे 2 कोटी 60 लाख लोक येतात. वेस्ट व्हर्जिनिया हे एकमेव राज्य संपूर्णपणे या क्षेत्रात मोडते. पिट्सबर्गसारखे महानगरही याच क्षेत्रात असल्यामुळे संपूर्ण प्रदेशाविषयी सरसकट विधाने करणे सयुक्तिक नाही. गरिबी, बेरोजगारी आणि अनारोग्य यांची सर्वांत दाट छाया पडली आहे ती मध्य ॲपालॅचियावर, म्हणजे केंटकीचा पूर्व, वेस्ट व्हर्जिनियाचा दक्षिण, व्हर्जिनियाचा नैऋत्य आणि टेनेसीचा ईशान्य भाग यांवर. प्रस्तुत नोंद मुख्यतः दगडी कोळशाच्या या पट्ट्याविषयी आहे.

डोंगराळ भूरचनेमुळे हा भाग जगापासून तुटलेला राहिला आणि म्हणून मागे पडला, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले गेले. ते फारसे टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग आले, तेव्हापासून हा पट्टा देशाच्या पोलाद आणि वीज उद्योगांशी घट्ट जोडलेला होता. प्रश्न जोडला जाण्याचा नव्हता, कोणत्या अटींवर जोडला गेला याचा होता. लोहमार्गांच्या आगेमागे जमीनखरेदीचे दलाल दऱ्याखोऱ्यांत फिरले आणि त्यांनी शेतकऱ्यांकडून जमिनीखालील खनिजांचे हक्क अल्प किमतीत विकत घेतले. पृष्ठभाग शेतकऱ्याचा राही, पण खनिज काढण्यासाठी त्या पृष्ठभागाचे काहीही करण्याची मुभा खरेदीखतातच असे. पुढे यंत्रांनी डोंगर वरून खरवडण्याचे तंत्र आले आणि पणजोबांच्या काळातील या खतांच्या आधारे पणतवंडांच्या अंगणात बुलडोझर शिरले. केंटकीत हा प्रकार थांबण्यासाठी 1988 साली राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. जमीनमालकीविषयी 1980 च्या सुमारास सहा राज्यांतील 80 काउंट्यांत झालेल्या पाहणीत आढळले, की जमीन आणि खनिजे मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या मालकांकडे व कंपन्यांकडे होती आणि खनिजांवरील मालमत्ता कर नाममात्र होता. शाळा, रस्ते आणि पाणीपुरवठा स्थानिक करांवर चालणाऱ्या देशात याचा परिणाम काय झाला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

खाणींभोवती कंपन्यांनी वसाहती उभारल्या. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, अनेक ठिकाणी मजुरीचा काही भागही कंपनीच्याच स्क्रिपमध्ये, म्हणजे तिच्या दुकानात चालणाऱ्या चलनात मिळे. वैद्यही कंपनीचाच असे. त्याच्यासाठी कामगाराच्या पगारातून दरमहा रक्कम कापली जाई, पण त्याची नेमणूक कामगारांच्या हाती नसे. या व्यवस्थेविरुद्धचा संघर्ष 1921 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील ब्लेअर माउंटन येथे हजारो सशस्त्र खाणकामगारांच्या लढाईपर्यंत पोहोचला. कामगार संघटनेला खरे यश 1946 मध्ये मिळाले. संपामुळे खाणी सरकारने ताब्यात घेतलेल्या असताना जॉन एल. लुईस यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने जो करार केला, त्यानुसार काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे 5 सेंट कल्याण व निवृत्तिनिधीत जमा होऊ लागले. त्याच करारान्वये नौदलाचे ॲडमिरल जोएल बून यांच्या देखरेखीखाली वसाहतींची पाहणी झाली आणि तेथील सांडपाणी, निवास व दवाखान्यांची दुरवस्था 1947 मध्ये अधिकृतरीत्या नोंदली गेली. निधीने 1956 मध्ये केंटकी, व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनियात दहा आधुनिक रुग्णालये उघडली. या डोंगरांत तोवर अशी सोय नव्हती.

त्या सोयीतच एक मोठी खोट होती. निधी कोळशावर अवलंबून होता आणि याच काळात खनिज तेल व वायूने कोळशाची बाजारपेठ व्यापली. संघटनेने चांगल्या मजुरीच्या बदल्यात यांत्रिकीकरण मान्य केले होते; त्यामुळे खाणीतील माणसे झपाट्याने कमी झाली. रुग्णालये सुरू होऊन दशकही उलटले नव्हते, तोच ती सोडून देण्याची पाळी निधीवर आली. चर्चचा पुढाकार आणि सरकारी मदत यांमुळे ती एका ना-नफा संस्थेकडे गेली. ॲपालॅचियन रीजनल हेल्थकेअर ही आज पूर्व केंटकीतील प्रमुख रुग्णालय-साखळी तिचीच वारस आहे.

कामाअभावी लाखो लोक डेट्रॉइट, सिनसिनाटी, डेटन, शिकागो येथील कारखान्यांकडे गेले. वेस्ट व्हर्जिनियातील मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या 1950 मध्ये 98,887 होती. 2020 मध्ये ती 19,111 उरली. केनेडी प्रशासनाने 1961 मध्ये गरिबांना अन्नखरेदीसाठी मदत देणारी फूड स्टॅम्प योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, तेव्हा पहिले लाभार्थी कुटुंब याच काउंटीतील होते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एप्रिल 1964 मध्ये केंटकीतील आयनेझ या गावी एका बेरोजगार कुटुंबाच्या ओसरीवर बसून दारिद्र्याविरुद्धच्या मोहिमेचा पुरस्कार केला आणि पुढील वर्षी प्रादेशिक आयोग स्थापन झाला. आयोगाचा सर्वाधिक पैसा महामार्गांवर खर्च झाला. 1960 मध्ये या प्रदेशातील दर तिघांपैकी एक जण गरीब होता, आता हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास आहे. ही घट खरी आहे. तथापि, तिचा मोठा वाटा प्रदेशाच्या उत्तर व दक्षिण कडांना मिळाला. मध्य भागातील काही काउंट्यांत आजही तीस टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत.

आयनेझ ज्या मार्टिन काउंटीत आहे, तिचा पुढील इतिहास बोलका आहे. ऑक्टोबर 2000 मध्ये तेथे कोळसा धुतल्यानंतरचा गाळ साठविणाऱ्या तळ्याचा तळ खालच्या खाणीत फुटला आणि सुमारे 30 कोटी गॅलन काळा गाळ ओढ्यांत वाहून गेला. जुन्या खाणीच्या सपाट केलेल्या जमिनीवर रोजगारासाठी केंद्र सरकारचे कारागृह आले. पाणीपुरवठ्याच्या जुन्या नळांतून शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा भाग वाटेतच गळत राहिला आणि नळाचे पाणी पिण्यास लोक कचरू लागले. कोळसा उत्पादनावरील कराचा वाटा काउंटीला मिळत असे. 2011 नंतर स्वस्त नैसर्गिक वायूपुढे येथील कोळसा हरला, तेव्हा तोही आटला. पाठोपाठ कंपन्यांची दिवाळखोरी आली. पूर्व केंटकीतीलच हार्लन काउंटीत 2019 मध्ये अशाच एका कंपनीच्या कामगारांनी थकलेल्या पगारासाठी कोळशाने भरलेली गाडी रुळांवर अडवून धरली होती.

आरोग्याच्या प्रश्नांत खाणकामाशी थेट निगडित असलेला आजार म्हणजे ब्लॅक लंग, अर्थात कोळशाच्या धुळीने फुप्फुसे कठीण होत जाणे. नोव्हेंबर 1968 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन खाणीत स्फोट होऊन 78 कामगार दगावले. त्यानंतर काही महिन्यांत सुमारे 40,000 खाणकामगारांनी या आजाराची भरपाई मागण्यासाठी काम बंद ठेवले आणि 1969 च्या अखेरीस केंद्रीय कायदा होऊन धुळीवर मर्यादा व भरपाईची तरतूद आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस आजाराचे तीव्र रूप जवळजवळ नाहीसे झाले होते. ते परत आले आणि अधिक तरुण कामगारांत आले. जाड थर संपल्याने आता कोळशाच्या पातळ थरासोबत वरखालचा वालुकाश्म कापावा लागतो. त्यातून उडणारी सिलिकाची धूळ कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी घातक असते. नैऋत्य व्हर्जिनियातील केवळ तीन दवाखान्यांत 2013 ते 2017 या काळात तीव्र स्वरूपाचे 416 रुग्ण आढळले. मध्य ॲपालॅचियात 25 वर्षे किंवा त्याहून अधिक काळ खाणीत घालविलेल्या दर पाच कामगारांपैकी एकाला हा आजार असल्याचे शासकीय संशोधकांनी 2018 मध्ये नोंदविले. सिलिकाची मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमवर आणणारा नियम 2024 मध्ये जाहीर झाला खरा, पण त्याची अंमलबजावणी न्यायालयात अडकली. कारण साठ वर्षांपासून ठाऊक आहे आणि उपायही ठाऊक आहे, हे लक्षात घेता या आजाराचे पुनरागमन ही वैद्यकीय नव्हे तर प्रशासकीय घटना म्हणावी लागते.

वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या संकटाची मुळेही याच भूमीत खोलवर गेली. खाणीत, लाकूडतोडीत शरीर झिजलेल्यांची संख्या मोठी, तज्ज्ञ डॉक्टर व व्यायामोपचार दूर आणि गोळी जवळ, अशी स्थिती असताना 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे असेच एक औषध बाजारात आले आणि त्याचे व्यसन क्वचितच लागते, असा प्रचार डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्यात आला. वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या जेमतेम 18 लाख. तेथे घाऊक वितरकांनी 2007 ते 2012 या सहा वर्षांत अशा 78 कोटी गोळ्या पाठविल्याचे एका स्थानिक वृत्तपत्राने उघड केले. सुमारे 400 वस्तीच्या कर्मिट गावातील एका औषधदुकानात दोन वर्षांत जवळजवळ 90 लाख गोळ्या आल्या. गोळ्यांवर निर्बंध आल्यावर व्यसनी लोक हेरॉइनकडे आणि नंतर फेंटानिल या कृत्रिम अफूसदृश द्रव्याकडे वळले. वापरलेल्या सुयांमुळे हेपटायटिस सी व एचआयव्ही पसरले. तरीही सुया बदलून देणारी केंद्रे स्थानिक विरोधाला बळी पडली आणि 2021 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्यांच्यावर कडक अटी घातल्या. आईवडील व्यसनात, तुरुंगात किंवा मृत, अशा नातवंडांना आजी-आजोबांनी निवृत्तिवेतनावर वाढविणे हे येथील कुटुंबव्यवस्थेचे आता नेहमीचे रूप झाले आहे.

सर्वसाधारण आरोग्याचे चित्रही चिंताजनक आहे. प्रादेशिक आयोगाच्या 2017 च्या अहवालानुसार या प्रदेशात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण देशाच्या तुलनेत 17 टक्के, कर्करोगाचे 10 टक्के आणि फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारांचे 27 टक्के अधिक होते. तंबाखूचा मोठा वापर हे त्याचे एक कारण आहे. तंबाखू हे येथील लहान शेतकऱ्याचे नगदी पीकही होते. तज्ज्ञ डॉक्टर 28 टक्के, दंतवैद्य 26 टक्के आणि मानसिक आरोग्यसेवक 35 टक्के कमी होते. नैऋत्य व्हर्जिनियातील वाइज काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर रिमोट एरिया मेडिकल या संस्थेची मोफत शिबिरे अनेक वर्षे भरत. गुरांच्या गोठ्यांत तपासण्या होत आणि दात काढून घेण्यासाठी लोक आदल्या रात्रीपासून मोटारींत मुक्काम करीत.

या उणिवेवर डोंगरांतूनच काही उत्तरेही निघाली. मेरी ब्रेकिनरिज यांनी 1925 मध्ये केंटकीच्या लेस्ली काउंटीत स्थापन केलेल्या फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिसच्या प्रसूतितज्ज्ञ परिचारिका घोड्यावरून घरोघरी जात आणि त्यांच्या हाती मातामृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीहून पुष्कळ कमी राहिले. अलीकडच्या काळात डॉक्टरांची उणीव परदेशी पदवीधरांनी बरीच भरून काढली. शिक्षणानंतर मायदेशी परतण्याची व्हिसाची अट टंचाईग्रस्त भागात तीन वर्षे सेवा केल्यास माफ होते. या तरतुदीमुळे भारतीय डॉक्टर येथील लहान गावांत मोठ्या संख्येने आले आणि त्यांतील अनेक जण कायमचे स्थायिक झाले.

डॉक्टर मिळाले तरी रुग्णालय टिकेलच असे नाही. रुग्ण कमी, वृद्ध अधिक आणि खासगी विमाधारक मोजके असल्याने उत्पन्न अपुरे पडते. व्हर्जिनियाच्या ली काउंटीतील एकमेव रुग्णालय 2013 मध्ये बंद झाले आणि 2021 मध्येच पुन्हा उघडले. मधल्या काळात रुग्णवाहिकेला डोंगरवाटांनी दुसऱ्या काउंटीत जावे लागे. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेचा विस्तार केंटकी व वेस्ट व्हर्जिनियाने 2014 मध्ये, व्हर्जिनियाने 2019 मध्ये आणि नॉर्थ कॅरोलायनाने 2023 च्या अखेरीस स्वीकारला, टेनेसी व अलाबामाने मात्र नाकारला. त्यामुळे एकाच पर्वतरांगेच्या दोन उतारांवरील सारख्याच मिळकतीच्या दोन कुटुंबांपैकी एकाला विमा मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. जुलै 2025 च्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या निधीत कपात करून कामाची अट घातली आणि ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांकरिता 50 अब्ज डॉलरचा स्वतंत्र निधी ठेवला. पूर्व केंटकीत लोकसंख्येचा मोठा हिस्सा मेडिकेडवर आणि रुग्णालये स्वतःच सर्वांत मोठ्या नोकरदात्यांपैकी असल्यामुळे, या कपातीचा भार उपचार आणि रोजगार या दोहोंवर एकाच वेळी पडणार आहे.